दिवाळीची भेट मुलांनी स्वतः करावी ती कशी?

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. सातवी-आठवीची चाळीसेक मुलं, सहामाही परीक्षा संपल्यापासून सुट्टी लागेपर्यंत मिळणारे चार-पाच तास आणि प्रत्येक मुलामागे फार तर वीस-तीस रुपये. एवढ्यात मुलांनी घरच्यांसाठी हातानं काय करावं, आणि ते भाऊबीज झाल्यावर माळ्यावर जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे. मी कार्यानुभव आणि चित्रकला शिकवत आले आहे, आधी बीड जिल्ह्यात आणि नंतर पुण्यात. त्या कामातून जे कळलं ते सविस्तर लिहिते.

पहिल्या तासाला कात्री, रंग, डिंक काहीही बाहेर काढू नका. पाठकोरे कागद वाटा आणि प्रत्येकाला घरातलं एकच माणूस निवडायला सांगा. त्या माणसाविषयी चार-पाच ओळी लिहायच्या: सकाळी उठल्यावर हातात पहिल्यांदा काय घेतात, रोज कोणती वस्तू शोधत बसतात, कोणती वस्तू फाटली-तुटली तरी टाकत नाहीत, कोणत्या कामाला बसले की गप्प होतात. बहुतेक मुलं आधी ‘आई’ लिहितात. लिहू द्या, पण एकदा विचारा की आजोबांना, आत्याला, शिकायला बाहेर राहणाऱ्या दादाला शेवटची भेट कुणी दिली होती. निम्मी मुलं तिथेच नाव बदलतात. माझ्या वर्गातल्या एका मुलानं लिहिलं होतं की बाबांची सुट्टी नाणी रिक्षात सारखी सांडतात आणि सिग्नलला ते सीटखाली हात घालून शोधत बसतात. त्याची भेट काय असणार हे त्या ओळीतच ठरलं. त्यानं जुन्या जीन्सच्या पायाचा नाण्यांचा बटवा शिवला. टाके वाकडे होते, पण बटवा रिक्षाच्या हँडलला लटकला आणि वापरात राहिला. वस्तू आधी ठरवून मग ती कुणाला द्यायची हे शोधलं, तर ती माळ्यावर जातेच. आधी माणूस, मग त्याची गरज आणि मग वस्तू, हा क्रम सोडू नका.

या तासाचा आणखी एक फायदा होतो. सगळ्या वर्गानं एकच वस्तू करायची सक्ती उरत नाही आणि वीस-तीस रुपयांचा खर्चही आवाक्यात येतो, कारण निम्म्या गोष्टींचं सामान घरातच असतं.

काय करू नये ते थोडक्यात सांगते. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तो विषय संपला. आइस्क्रीमच्या काड्यांच्या फोटो-फ्रेम आणि चमकी लावलेल्या बाटल्या मुलांना करायला आवडतात, घरात मात्र त्या कुणालाच नको असतात. मेणबत्त्या वर्गात मुळीच नकोत. मेण थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं आणि अंगावर सांडलं तर कातडीला चिकटून राहतं. चाळीस मुलांत एका शिक्षिकेनं ते करू नये.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी भेट: घरातल्या पाककृतींची हाती शिवलेली वही. दिवाळीच्या आधी घरोघरी फराळाची तयारी चालू असतेच. भाजणी भाजली जाते, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत पडलेले असतात. मुलानं तिथे वही घेऊन बसायचं आणि आजी, आई, काकू, जी कुणी करत असेल तिला विचारत लिहायचं. खरं काम इथे सुरू होतं, कारण उत्तरं ‘अंदाजानं’, ‘थोडंसं’, ‘लागेल तसं’ अशी येतात. मुलांनी तिथे थांबायचं नाही. ‘वाटी’ म्हणजे कोणती वाटी? ती वाटी शाळेत आणायची, तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं आणि प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतायचं. कुणाची वाटी दीडशे मिलिलिटरची निघते, कुणाची दोनशेची. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, की पुढची सगळी मापं दुसऱ्या घरातही उपयोगी पडतात.

काही मापं वाटीत मावत नाहीत, ती हाताची असतात. चकलीच्या भाजणीत कडकडीत मोहन घातल्यावर पीठ मुठीत दाबलं आणि मूठ उघडल्यावर मुटका तसाच राहिला, तर मोहन पुरे. हे तसंच लिहायचं, शक्य असेल तर शेजारी मुठीचं चित्र काढायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघडलेलं कसं सावरतात ते विचारायचं. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर काय? गूळ जास्त झाला असेल, पीठ सैल झालं असेल, मग आजी काय करते? चकली तेलात तुटायला लागली तर? छापील पुस्तकांत ही उत्तरं अर्ध्या ओळीत उरकलेली असतात, घरातल्या बाईकडे ती सविस्तर असतात आणि तिला ती सहसा कुणी विचारत नाही. प्रत्येक पदार्थाखाली ‘हे कुणाकडून शिकलीस?’ या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत घ्या. त्या ओळीतून माहेर येतं, गाव येतं, कधी एखादी शेजारीण येते जिचं नाव घरात कुणाला आठवतही नसतं.

तुम्हाला एक कळकळीची विनंती: या वहीला लाल पेन लावू नका. मूल अहिराणीत लिहील, वऱ्हाडीत लिहील, ‘भाजनी’ लिहील. आजी जसं बोलली तसंच ते राहू द्या. शुद्धलेखन शिकवायला अख्खं वर्ष पडलं आहे. आजीला वाचता येत नसेल, तर पाडव्याला सगळे जमले असताना मुलानं मोठ्यानं वाचून दाखवायचं. चुकलेलं ती तिथेच दुरुस्त करते, म्हणून शेवटची दोन पानं कोरी ठेवायला सांगा.

वही शिवायला अर्धा तास पुरतो. ए-फोर आकाराचे आठ कागद एकत्र मधोमध दुमडले की बत्तीस पानं होतात. वर मुखपृष्ठासाठी जुन्या दिनदर्शिकेचं जाड पान किंवा लग्नपत्रिकेचा मोठा पुठ्ठा घ्या. घडीच्या रेषेवर तीन छिद्रं पाडायची: एक बरोबर मध्ये, बाकीची दोन वरच्या-खालच्या कडेपासून साधारण चार सेंटिमीटरवर. दाभण तुम्हीच वापरा, मुलांच्या हाती देऊ नका. गोधडीच्या जाड दोऱ्यानं मधल्या छिद्रातून बाहेरून आत जायचं, वरच्या छिद्रातून बाहेर यायचं, पाठीवरून दोरा थेट खालच्या छिद्रापर्यंत नेऊन आत घालायचा आणि पुन्हा मधल्या छिद्रातून बाहेर काढायचा. आता दोऱ्याची दोन्ही टोकं मध्ये येतात. पाठीवरच्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं टोक ठेवून त्याच्यावर घट्ट गाठ मारायची. डिंक लागत नाही, वही सपाट उघडते आणि ओट्यावर उघडी ठेवता येते. स्वयंपाकघरातल्या वहीला ते फार लागतं.

बटव्याचा उल्लेख वर आला. बीडमध्ये असताना माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मुलं गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या मुलांना कंदील किंवा पणती सुचवणं योग्य नव्हतं. भेट अशी हवी होती की जी बोचक्यात मावेल, फुटणार नाही आणि फडात रोज हाताला लागेल. आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याचा नाडीचा बटवा मुलं करायची. आत एक घडीचं कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात शाळेचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, परीक्षेच्या तारखा आणि मुलाच्या हातचं एखादं चित्र. पाऊस आणि घाम दोन्ही लागणार म्हणून कार्ड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळायचं. तुमच्या वर्गात कामासाठी स्थलांतर करणाऱ्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या किंवा वेगवेगळ्या शहरांत विभागलेल्या कुटुंबातली मुलं असतील, तर भेट निघण्याच्या दिवसाआधी तयार व्हायला हवी. दिवाळीची तारीख त्यांच्या उपयोगाची नसते. त्यांचा तास आधी घ्या.

बटव्याची कृती सोपी आहे. साधारण चौदा सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब असे दोन तुकडे. कापड झिरझिरीत असेल तर दोन थर एकावर एक ठेवून, गोधडीला घालतात तसा सगळीकडे धावदोरा घाला, म्हणजे जीव येतो. दोन्ही तुकड्यांची वरची कड तीन सेंटिमीटर दुमडून, नाडी सरकेल एवढी जागा सोडून टीप घाला. मग सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू शिवायच्या, नाडीच्या जागेशी मात्र थांबायचं. कडांना साधा धावदोरा टिकत नाही, तिथे उलटी टीपच हवी, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेली. घाईत मुलं हाच भाग टाळतात, म्हणून तेवढं तपासून पाहा. नाडी आईच्या परकराची जुनी चालते.

शिवण मुलींकडे आणि काड्या-सुतळी मुलांकडे अशी वाटणी कृपा करून होऊ देऊ नका. भाऊबीजेला बहिणीला ओवाळणी घालायला मुलगे घरून पैसे मागून घेतात. त्याऐवजी बहिणीसाठी स्वतः शिवलेली पेन्सिलींची पिशवी त्या ताटात पडली, तर तिला त्याचं अप्रूप किती वाटतं हे मी पाहिलं आहे.

आकाशकंदील हवाच, असं मुलं म्हणतीलच. तो करा, पण विकतच्या साच्यावर कागद चिकटवून नको. सांगाड्यापासून करायचा एक सोपा कंदील आहे आणि त्यात गणिताचा अख्खा धडा आहे. सारख्या लांबीच्या चोवीस काड्या लागतात. बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्या उत्तम, पण चाळीस मुलांना त्या महाग पडतात. खराट्याचे हीर घेतले तर दोन-तीन खराट्यांत बऱ्याच मुलांचं भागतं. हिराचा जाड अर्धा भाग घ्या, शेंड्याकडचा लवचीक भाग टाका आणि पंधरा सेंटिमीटरचे तुकडे करा. बांबू घेतलात, तर पॉलिशपेपरनं घासल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका, कुसळं जातात.

चार-चार काड्यांचे सहा चौकोन दोऱ्यानं बांधायचे. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. उरलेल्यांपैकी चार चौकोन टोकावर उभे करायचे, बर्फीच्या तुकड्यासारखे. प्रत्येकाचं खालचं टोक आडव्या चौकोनाच्या एकेका कोपऱ्याला बांधायचं. शेजारशेजारच्या चौकोनांची आडवी टोकं एकमेकांना बांधायची. वर चार टोकं मोकळी राहतात, त्यांवर सहावा चौकोन बसतो. खाली चार, मध्ये चार, वर चार अशा एकूण बारा गाठी होतात. आता मुलांना विचारा, मधल्या मोकळ्या जागांचा आकार कोणता? आठ समभुज त्रिकोण आपोआप तयार झालेले असतात, त्यांच्यासाठी एकही जादा काडी लागलेली नसते. हे पाहिल्यावर वर्गात जो गलका होतो त्यासाठी मी दर वर्षी हा कंदील घेते.

या वेळी सांगाडा लळत असतो आणि मुलं घाबरतात की गाठी सुटल्या. गाठी ठीक असतात. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरका होतो, म्हणून सांगाडा पिळला जातो. वरच्या आणि खालच्या चौकोनात कर्णावर एकेक काडी बांधली की बराच सावरतो. ही काडी साधारण एकवीस सेंटिमीटरची लागते, कारण पंधराच्या चौकोनाचा कर्ण तेवढाच असतो. मुलांना आधी काढायला लावा, मग मोजून बघू द्या. कंदिलाची उंचीही तेवढीच येते, ती का, हे गणिताच्या बाईंवर सोपवा. वरच्या कर्णाच्या काडीला दिव्याची वायर बांधता येते. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, बाकी चार चौकोन आणि आठ त्रिकोणांवर पतंगाचा कागद लावायचा. तो वाळून ताणला गेला की कंदील ताठ उभा राहतो.

कागद प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर मोठा कापा आणि ती कड काडीवरून वळवून चिकटवा. चिकटवायला मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, एकूण चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवत राहायचं. टिकावी म्हणून चिमूटभर तुरटी चालते. जुने लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलांच्या कामात ते नको. खळ बोटानं पातळ लावायची, कागद ओला झाला की फाटतो. रात्रभर वाळू द्यावं लागतं, म्हणून कंदिलाला दोन वेगळ्या दिवशीचे तास हवेत, सलग दोन तास घेऊन उपयोग नाही. खालच्या चार कोपऱ्यांना झिरमिळ्या लावायच्या त्या दुसऱ्या दिवशी. आत फक्त कमी वॅटचा एलईडी दिवा, जुना तारेचा बल्ब नको, कारण तो तापतो. होल्डर आणि वायर घरच्या मोठ्या माणसानंच जोडायची, हे कंदिलासोबत चिठ्ठीवर लिहून द्या.

उटणं सोपं आहे, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला मुलानं केलेली वस्तू लागते, याचं मुलांना फार कौतुक असतं. काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, आंबेहळद आणि गव्हलाकचोरा यांची पूड वर्गासाठी एकत्र आणली तर स्वस्त पडते. मसुरीच्या डाळीचं पीठ चार भाग, मुलतानी माती दोन भाग, सावलीत कुरकुरीत वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड एक भाग, आंबेहळद, नागरमोथा आणि वाळा प्रत्येकी एक भाग, गव्हलाकचोरा अर्धा भाग. दोनदा चाळायचं, नाहीतर वाळ्याच्या काड्या अंगाला टोचतात. चाळताना नाकाला रुमाल बांधू द्या, धूळ खूप उडते. काही जण यात बावची घालतात, ती तुम्ही घालू नका. बावची लावून उन्हात गेलं तर काहींच्या कातडीला चट्टे उठतात. चंदन स्वस्तात मिळत असेल तर ते चंदन नसतं, तेव्हा ते वगळा. पुडीवर सगळे घटक लिहायचे आणि ‘आधी कोपराच्या आत लावून बघा’ हेही. प्लास्टिकची पिशवी नको. किराणा दुकानदार बांधायचे तशी कागदाची दोरा गुंडाळलेली पुडी बांधायला शिकवा. आजच्या मुलांना ती माहीत नाही, आणि एकदा जमली की ती घरभर पुड्या बांधत सुटतात.

पणत्यांबद्दल थोडंच. शाळेत भट्टी नसते, म्हणून मातीची पणती स्वतः वळून देण्याच्या फंदात पडू नका. कच्च्या पणतीतून तेल झिरपतं. कुंभाराकडून भाजलेल्या साध्या पणत्या घ्या, चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा आणि उन्हात खडखडीत वाळवा, म्हणजे त्या तेल कमी पितात. बाहेरून गेरूचा हात आणि त्यावर पांढऱ्या रंगाचं काम छान उठतं. आतली बाजू आणि वात टेकते ती चोच बिनरंगाची ठेवायची. वारली चित्रं काढायची टूम सगळीकडे आहे. काढायला हरकत नाही, पण मुलांना सांगा की ही चित्रं डहाणू-पालघरकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी बाया भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी त्याच रेषांतून शेत, मासेमारी, नाच असं आपल्या भोवतीचं जगणं मांडलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मग मुलांनीही आपल्या भोवतीचं काढावं: गिरणीत दळण नेणारी आई, पाण्याचा टँकर, लोकलचा डबा. वारली चित्रांत नेहमी दिसणाऱ्या तारपा नाचाची (तारपा या वाद्याभोवती फेर धरून केलेल्या नाचाची) वर्तुळं नुसती उतरवून काढण्यात त्यांचं स्वतःचं काही नसतं.

ज्यांना काहीच सामान आणता येत नाही अशी दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ती तोंडानं सांगत नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून काही वेगळं काढू नका, सगळ्या वर्गाला फुलवाती शिकवा. कापसातली कचकूट काढून लहान गोल पापुद्रा करायचा, मध्यभागी चिमटीत धरून कडा खाली वळवायच्या आणि बोटाला किंचित दूध किंवा राख लावून टोक पिळायचं. शिकवायला एखाद्या मुलाच्या आजीला वर्गात बोलवा. माझ्यापेक्षा त्या कितीतरी चांगलं शिकवतात, आणि ज्या मुलाची आजी येते त्याची त्या दिवशी मान ताठ असते. आजीसाठी किंवा देवपूजा करणाऱ्या कुणासाठीही फुलवातींची डबी रोजच्या वापराची भेट आहे. ज्या घरांत दिवा लावत नाहीत तिथली मुलं तोच वेळ वहीला किंवा बटव्याला देतील. दिवाळी सगळ्या घरांत सारखी नसते हे लक्षात घेऊन पर्याय फळ्यावर आधीच लिहून ठेवा, म्हणजे कुणाला उठून सांगावं लागत नाही.

या वस्तूंना गुण देऊ नका आणि त्यांचं प्रदर्शन भरवू नका. गुण लावले की घरची मोठी माणसं हात घालतात, आणि मुलगी आईसाठी केलेली वस्तू आईकडूनच पूर्ण करून आणते. याच कारणानं काम शाळेतच संपवा, घरी अर्धवट पाठवू नका. ज्यांचं राहील त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत वर्ग उघडा ठेवा. तुम्हालाही वाकडा टाका सरळ करण्याचा मोह होईल. टाका सुटणार असेल तरच हात लावा, आणि तोही मुलाकडूनच उसवून पुन्हा घालून घ्या.

पहिल्या वर्षी वही, बटवा, उटणं आणि वाती एवढ्यावरच थांबा. चार-पाच तासांत त्या बसतात. कंदील घ्यायचाच असेल तर दसऱ्याआधी हीर कापून ठेवा, कारण चाळीस मुलांचे मिळून ते जवळपास हजार तुकडे होतात आणि सगळे एका लांबीचे नसले तर वरचा चौकोन बसत नाही. लांबी मोजायला पुठ्ठ्याची एकच पट्टी करा आणि सगळ्यांना तीच वापरायला लावा, प्रत्येकाच्या कंपासपेटीतली वेगळी पट्टी नको. पतंगाचा कागद दिवाळीच्या आठवड्यात ऐनवेळी पांढरा आणि हिरवाच शिल्लक राहतो, तोही आधीच आणून ठेवा.